बाइंडिंगच्या खोलीतला आवाज

मामा,

परवा कॉलेजात तुमची शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, "गायकवाड मामांनी एकतीस वर्षं आपल्या ग्रंथालयाची शांतता सांभाळली." मला हसू आलं. शोकसभेत ग्रंथपाल बाई हसतात हे काही बरं दिसत नाही, म्हणून मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या प्राध्यापिकेला वाटलं मी रडतेय. तिनं पाठीवर हात ठेवला आणि मग मला खरंच रडू आलं.

शांतता म्हणे! आज आपल्या ग्रंथालयात जो आवाज आहे, तीन मुली एका समीकरणावर हुज्जत घालतात, एखादा पोरगा फळ्याशी उभा राहून दुसऱ्यांना नकाशा समजावतो, तो सगळा तुम्ही आणलेला. आणि हे त्या सभेत फक्त मला ठाऊक होतं. प्राचार्य आता आता आलेत, त्यांना कुठून माहीत असणार? मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी उठले, "मामा प्रामाणिक आणि मनमिळाऊ होते" असं काहीतरी पुटपुटले आणि बसले. सांगायचं होतं ते पुन्हा एकदा गिळलं. तुम्ही असताना सांगितलं नाही, तुम्ही गेल्यावरही जीभ रेटली नाही. म्हणून आज हे लिहायला बसले आहे.

मी नगरहून इथे रुजू झाले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. ग्रंथालयशास्त्रात पहिली आलेली, आणि हे दिवसातून दोनदा तरी कुणाला तरी ऐकवणारी. तुम्ही ग्रंथालयाचे परिचर. दहावी झालेले, सोनईजवळच्या वस्तीवरून सायकलवर येणारे, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "सगळी मामा म्हनत्यात, तुमी बी मामाच म्हना. साहेब-बिहेब नको." मी मनात म्हटलं, साहेब म्हणणार तरी कोण होतं? अशी होते मी. तुम्हाला ते पहिल्या तासात कळलं असणार, पण तुम्ही चहा आणायला गेलात.

तेव्हा आपलं ग्रंथालय म्हणजे एक खिडकी होती. मुलांनी चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहून ती आत सारायची, तुम्ही कपाटातून पुस्तक आणायचं. आत पाय ठेवायची मुभा आपल्या दोघांनाच. मी क्रमांक शोधत असायचे तोवर तुम्ही पुस्तक फडक्यानं पुसून खिडकीवर ठेवलेलं असे. वाचनकक्षात बाकं एकामागे एक, परीक्षेला मांडल्यासारखी. मी आल्या आल्या 'शांतता राखा' अशा पाच पाट्या रंगवून घ्यायला सांगितल्या. तुम्ही हॉलमध्ये नजर टाकून म्हणालात, "पाच कशाला, मॅडम? मानसं तर चारच बसल्यात." मी पाचही करून घेतल्या. वर एक सहावी, माझ्या टेबलासाठी.

मग ती मार्चमधली दुपार. जामखेड-पाथर्डीकडून आपल्या वसतिगृहात आलेल्या मुलींचं वर्ष कॉलेजच्या वर्षाप्रमाणे चालत नाही हे मला तेव्हा कळत नव्हतं. दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जातात आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मुलीही फडावर जातात. परत येतात तेव्हा परीक्षा तोंडावर. अर्थशास्त्राचं एक जाडजूड संदर्भपुस्तक होतं. प्रत एकच, बाहेर न्यायची मनाई. मागच्या बोळातून जाताना मला बाइंडिंगच्या खोलीतून आवाज आला. एकाच मुलीचा, संथ, थांबत थांबत येणारा. दार ढकललं तर खळीचा वास आणि गोणपाटावर मांडी घालून बसलेल्या सात मुली. एक मोठ्यानं वाचत होती, सहा जणी लिहून घेत होत्या. मधेच कुणी "थांब गं, हे न्हाई कळलं" म्हणायची, मग दोघीतिघी मिळून ते वाक्य सोडवायच्या आणि गाडी पुढे निघायची. तुम्ही कोपऱ्यात दाभणानं एका पुस्तकाची पाठ शिवत होता. कान मात्र मुलींकडे.

"मामा, हे काय चाललंय?"

"वाचत्यात, मॅडम."

"इथे? मोठ्यानं?"

"पुस्तक एकच हाय ना."

मी मुलींना उठवलं. तुम्हाला मेमो दिला. ग्रंथालयाच्या आवारात मोठ्यानं वाचन करू दिल्याबद्दल खुलासा करावा, असा. तुम्ही दुसऱ्या दिवशी रेघांच्या कागदावर, वळणदार अक्षरात खुलासा दिलात. तो मला अजून पाठ आहे. "पुस्तक एक होते. मुली सात होत्या. खोली रिकामी होती. म्हणून बसवले." खाली सही. माफी नाही, विनवणी नाही. मला राग आला, कारण त्यात खोडून काढण्यासारखं काहीच नव्हतं. मी त्याखाली 'समज देण्यात आली' असं लिहिलं आणि कागद तुमच्या फायलीला लावला. मग परीक्षांच्या कामात पडले आणि त्या बोळाकडे फिरकले नाही.

निकाल लागला तेव्हा त्या मुलींपैकी दोघी पेढे घेऊन आल्या. खिडकीवरून माझ्याकडे न बघता थेट तुमच्याकडे गेल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "आधी मॅडमना द्या." त्यांनी दिला. तो पेढा मी कागदात गुंडाळून टेबलाच्या खणात ठेवला, मामा.

त्यानंतर कधीतरी डबा खाताना मी तुम्हाला विचारलं होतं की हे मोठ्यानं वाचायचं डोक्यात आलं कुठून. तुम्ही भाकरी मोडत सांगितलंत, "आमच्या वस्तीवर प्रार्थनेला गान्याचं पुस्तक एकच हुतं. वाचता येनारे माझे वडील एकटे. त्ये एक वळ सांगायचे, मंग समदे ती म्हनायचे. पुस्तक एक आन तोंडं पन्नास. आमचं काय अडलं का? समद्यांना समदी गानी पाठ." मी मान डोलावली. वस्तीवरची गंमत म्हणून ऐकलं आणि डबा धुवायला उठले.

पुढे काही वर्षांनी ग्रंथालयाच्या नूतनीकरणाला मंजुरी आली. मला पुण्याला एका कार्यशाळेला पाठवलं. तिथे मोठ्या पडद्यावर गोल टेबलं, चाकांचे फळे, घोळक्यानं बसून अभ्यास करणारी मुलं बघून मी हरखून गेले. गटानं शिकणं, बोलत शिकणं, एकमेकांना शिकवत शिकणं. परत आल्यावर तीन दिवस दुसरा विषय नव्हता. तुम्ही सगळं नीट ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "म्हंजी आपल्या बाइंडिंगच्या खोलीवानी?"

मी म्हणाले, "नाही हो मामा. हे वेगळं आहे."

ते वाक्य मी आयुष्यात बोललेल्या वाक्यांत सगळ्यात मूर्ख वाक्य असावं. तुम्ही त्यावर फक्त "बरं" म्हणालात.

मग मी ते वेगळं काय ते उभं केलं. हॉलच्या मधोमध काचेची खोली, आत चकचकीत टेबलं, फिरत्या खुर्च्या. आत बसायचं तर आधी अर्ज भरायचा. गटप्रमुखाचं नाव, विषय, वेळ, ग्रंथपालाची सही. उद्घाटनाला फीत कापली, टाळ्या झाल्या आणि पुढचा महिनाभर ती खोली रिकामी. दोनचार मुलं मोबाईल चार्ज करायला जाऊन बसायची, तेवढीच. मुली तर त्या बाजूला फिरकेनात. मी चिडले. यांना काही करून दिलं तरी किंमत नाही, असं तुमच्यापाशी बोलले. तुम्ही म्हणालात, "मॅडम, एकडाव तुमी बसून बघा आत."

बसले. पाच मिनिटांत कळलं. हॉलमधला प्रत्येक माणूस मला बघत होता.

"काच हाय ना," तुम्ही म्हणालात. "कोन पोरगी कुनाशेजारी बसली, कुनाकडं बघून हसली, समदं दिसतंय. गावातली पोरं हिथंच शिकत्यात. पोरगी एष्टीतून उतरायच्या आधी बातमी घरी. आन तुमच्या त्या अर्जावर नाव लिहायचं म्हंजी तर पुरावाच झाला की."

पुण्याच्या पडद्यावर हे कुणी दाखवलं नव्हतं. मी विचारलं, मग काय करायचं? काच काढायची म्हणजे पुन्हा मंजुरी आणि वर्षभराची पळापळ. तुम्ही वर्तमानपत्रांचे आणि मासिकांचे उभे रॅक ओढत नेऊन काचेला लावलेत. उजेड वरून येत राहिला, चेहरे झाकले गेले. अर्जाच्या जागी दाराला एक पाटी टांगलीत, आत कुणी असलं की उलटी करायची. एवढ्यावर थांबला असतात तर मी तुमची आरती केली असती. पण सोमवारी मी आले तर दोन नव्या टेबलांचे पाय निम्मे कापलेले! खाली सतरंजी, त्यावर टेबल, भोवती मांडी घालून मुली.

माझ्या डोळ्यांपुढे डेडस्टॉक रजिस्टर नाचलं. कॉलेजच्या प्रत्येक खुर्चीटेबलाची उंचीरुंदीसकट त्यात नोंद असते आणि ती दर वर्षी तपासली जाते. मी ओरडले, "मामा, ही नोंद आता मी कशी जुळवू?"

"लिवा की, टेबल लहान, दोन नग," तुम्ही म्हणालात. "खुर्चीवर बसून ह्या पोरींना अवघडल्यासारखं व्हतंय. जमिनीवर बसल्या की लगीच तोंड उघडत्यात."

मी तसंच लिहिलं. तपासणीला आलेल्या गृहस्थांनी त्या नोंदीकडे बराच वेळ बघितलं, टेबलांकडे बघितलं, भोवतीच्या मुलींकडे बघितलं आणि सही केली. त्यानंतर ती खोली कधी रिकामी राहिली नाही. वर्षभरात आवाज काचेबाहेर आला आणि मी खिडकी बंद करून कपाटं मुलांना खुली केली. पाट्या काढायला सांगितल्या तेव्हा तुम्ही त्यांचे पुठ्ठे फाटक्या पुस्तकांच्या बाइंडिंगला वापरलेत. एखाद्या पुस्तकाचा पुठ्ठा सुटला तर आतून अजून 'शांतता' निघते.

आता ते सांगते, जे सांगायला जीभ रेटत नाही. नगरला ग्रंथपालांचं चर्चासत्र होतं. मी आपल्या हॉलवर बोलणार होते. चित्रांचे मोठे फलक न्यायचे म्हणून जीपमध्ये तुम्ही बरोबर होता. भाषण चांगलं झालं. रॅक, पाटी, बसकी टेबलं, सगळं दाखवलं, लोक उठून फोटो काढत होते. एका बाईंनी विचारलं, "ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" तुम्ही शेवटच्या रांगेत फलक मांडीवर घेऊन बसला होता. मला तुम्ही स्पष्ट दिसत होता. मी म्हणाले, "विद्यार्थ्यांचं बारकाईनं निरीक्षण करताना सुचत गेली."

टाळ्या झाल्या. तुम्हीही वाजवल्यात. परतीच्या वाटेवर राहुरी आली तरी मी खिडकीतून बाहेरच बघत होते. तुम्हीच म्हणालात, "लई भारी बोलल्या मॅडम. कुनाला कटाळा न्हाई आला." मी म्हणाले, "हो का?" त्यानंतर सात वर्षं आपण रोज एका खोलीत डबा खाल्ला. सात वर्षांत एक दुपार मिळाली नाही का मला? मिळाल्या, ढिगानं मिळाल्या. मी लोणच्याची बरणी तुमच्यापुढे सरकवायचे आणि दुसरंच काही बोलायचे.

एक भांडण मात्र तुम्ही अर्धं टाकून गेलात, ते मला चालणार नाही. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी तुम्ही धोशा लावलात की पश्चिमेच्या भिंतीला चार एकटी टेबलं लावा, भिंतीकडे तोंड करून, तिथे कुणी बोलायचं नाही. मी म्हणाले, "मामा, तुम्हीच आवाज आणलात आणि आता तुम्हीच गप्प बसवायला निघालात?" तुम्ही म्हणालात, "बोलनाऱ्याला जागा झाली. न बोलनाऱ्यानं कुठं जायाचं? घरी एक खोली आन सात मानसं. त्याला जल्मात एकटं बसाया मिळालेलं न्हाई." मी म्हणाले, हॉलमध्ये जागा नाही. तुम्ही म्हणालात, जागा हाय, तुमाला द्यायची न्हाई. निवृत्त झाल्यावरही, दर दोन महिन्यांनी पेन्शनच्या कामाला आलात की आधी त्या भिंतीकडे बघायचात आणि मग माझ्याकडे. मला अजून सगळं पटलेलं नाही. चार टेबलं लावली की त्यांच्याभोवतीची निम्मी जागा मेली, हे माझं म्हणणं कायम आहे. पण दोन लावून बघायला हरकत नाही, एवढं मी आता मानते. हे ऐकून तुम्ही "दोन न्हाई, चार" म्हणाला असतात, आणि आपण पुन्हा सुरू झालो असतो.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी, काल, मी तुमच्या घरी गेले. मामी ओट्यावर बसल्या होत्या. इतक्या वर्षांत मी तुमच्या घरी दुसऱ्यांदाच आले. पाणी प्यायले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. मेमो, तुमचा खुलासा, माझी समज, ते चर्चासत्र, तिथलं माझं खोटं उत्तर. म्हटलं, "मामी, तो हॉल मामांचा आहे. मी माझा म्हणून मिरवला."

मामींनी पदरानं डोळे पुसले आणि चक्क हसल्या. "त्यो मेमो? त्यो तर त्यांनी आमाला मोठ्यानं वाचून दाखीवला हुता. समदी वस्ती गोळा करून. आमी म्हनलो, आवं नोकरी जाईल तुमची. तर म्हनले, न्हाई जात. मॅडम रागावल्या, पर खोलीची किल्ली मागितली न्हाई त्यांनी. म्हनले, दुसऱ्या दिवशी मी पोरींना परत बसवलं तिथंच. मॅडमना समदं ठावं हाय, त्या मुद्दाम तिकडून जात न्हाईत, चांगल्या मनाच्या हायत."

मामा, मला ठावं नव्हतं. की होतं? त्या मार्चमध्ये मी बोळाकडे का फिरकले नाही, ते आज कितीही आठवलं तरी नक्की सांगता येत नाही. किल्ली मागायचं सुचलं नाही, की मागायची नव्हती? तुम्ही माझ्या वतीनं ठरवून टाकलंत की मागायची नव्हती, आणि पुढची सोळा वर्षं मला तशीच बाई समजून वागलात. मी हळूहळू थोडीफार तशी झालेही. तुमचे उपकार मानायचे ते यासाठी. हॉलसाठी नंतर.

मामी मला वाटेपर्यंत पोचवायला आल्या. म्हणाल्या, "त्या नगरच्या भाषनाचं बी सांगितलं हुतं. म्हनले, आपलं काम एवढ्या मोठ्या लोकांनी बघितलं." आपलं, म्हणाला होता तुम्ही. माझं नाही आणि तुमचंही नाही.

आज सकाळी मी हॉलमध्ये गेले. सगळी टेबलं भरलेली, परीक्षा जवळ आलेली, नेहमीचा कालवा. मी मधोमध उभी राहिले आणि कितीतरी वर्षांनी म्हणाले, "जरा शांत बसा." पोरं दचकली. मग मी त्यांना सांगितलं. एक पुस्तक आणि सात मुलींचं. मेमोचं. काचेचं, टेबलांच्या पायांचं. कुणाला सुचलं होतं आणि नाव कुणी लावलं होतं, ते नावानिशी सांगितलं. प्राचार्य दारात येऊन उभे राहिले होते, त्यांच्यादेखत सांगितलं.

सांगून झालं. हॉल इतका गप्प होता की मला भीती वाटली. तेवढ्यात बसक्या टेबलाशी बसलेल्या एका मुलीनं, यंदाच आलेल्या, तुम्हाला कधी न बघितलेल्या मुलीनं हात वर केला. तिच्या मांडीवर पुस्तक उघडं होतं आणि भोवतीच्या पाच जणी पेनं धरून थांबल्या होत्या.

"मॅडम, झालं का? आमचं निम्मं प्रकरण ऱ्हायलंय."

"झालं," मी म्हणाले. "वाच."